लेक गोलकीपर, आई लाईनीबाहेर

आपल्या मंडळाच्या अंकात पाककृती येतात, सणवार येतात, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो येतात. शाळेच्या फुटबॉल मॅचला उभं राहणाऱ्या आईबापांबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. खरं तर आपल्यापैकी कितीतरी जण दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या ग्राउंडच्या कडेला छत्री धरून उभे असतात. मी त्यांतलीच एक. आमची लेक नववीत आहे, शाळेच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर आहे, आणि तिच्या मॅचेस बघण्यात माझे तीन पावसाळे गेले. या वर्षी एक प्रसंग असा आला की घरात सगळ्यांनाच बसून विचार करावा लागला. तो इतर पालकांच्याही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहिते.

माहेरचा फुटबॉल, सासरचा फुटबॉल

माझं माहेर कोल्हापूर आणि सासर फोंडा. म्हणजे फुटबॉलपासून सुटका दोन्हीकडे नाही. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा आठवतो; पण तिथे फुटबॉल केवढा चालतो याची बाहेरच्यांना कल्पना नसते. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं आमच्या पेठेतली शेंबडी पोरंही घडाघडा म्हणत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारनंतर पेठेत पुरुष माणूस दिसायचा नाही. संध्याकाळी माझा भाऊ दारात आला की त्याच्या चेहऱ्यावरूनच आईला कळायचं, आज याच्यासाठी आमटी गरम करण्यात अर्थ नाही.

मी मात्र लग्न होईपर्यंत त्या स्टेडियममध्ये एकदाही गेले नव्हते. कुणी अडवलं होतं अशातला भाग नाही. बायका जात नसत, इतकंच. मॅच आम्हाला भावाच्या तोंडून कळायची, आणि त्याच्या तोंडून आमची तालीम कधी हरायचीच नाही, रेफ्री हरवायचा.

गोव्यात आले तर इथे पेठांच्या जागी गावं आणि वाडे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी गोव्यात फुटबॉल आणला असं सांगतात. तेव्हापासून तो असा रुजला की भात कापून झालं की मोकळ्या शेतात दोन बाजूंना काठ्या रोवायच्या आणि झालं ग्राउंड तयार. २०१२ साली सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं, पण गावोगावच्या लोकांनी ते आधीच ठरवून टाकलेलं होतं. माझ्या सासऱ्यांकडे गप्पांचा विषय ठरलेला: धेंपो, साळगावकर, १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी आणि ब्रह्मानंद शंखवाळकर. ब्रह्मानंद भारताचे कर्णधार होते, अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, २०२२ साली पद्मश्रीही. सासऱ्यांना या सगळ्यापेक्षा एकाच गोष्टीचं कौतुक जास्त: "तो गोलकीपर होता. गोलकीपराक कोण विचारता? पण ताका विचारलें."

तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं होतं. आता त्याचा अर्थ कळतो.

ग्लव्हज हातात कसे आले

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. भारताच्या मुलींच्या मॅचेस भुवनेश्वरला होत्या आणि त्या तिन्ही आपण हरलो. पण दोन्ही सेमीफायनल आपल्या फातोर्ड्याला, एकाच दिवशी होत्या. दिवाळीचे दिवस, फराळाचे डबे बरोबर घेऊन आम्ही तिघं गेलो. लेक तेव्हा सहावीत होती. कोलंबिया आणि नायजेरियाची मॅच गोलशून्य बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. कोलंबिया ६-५ ने जिंकली. दुसरी मॅच स्पेनने जर्मनीवर १-० ने जिंकली, पण ती लेकीला आज आठवतही नाही. तिच्या डोक्यात त्या पेनल्टीच राहिल्या. परतीच्या वाटेवर तिने एकच प्रश्न चार वेळा विचारला, "आई, उडी कुठल्या बाजूला मारायची हे त्यांना आधी कसं कळतं?" तिच्या बाबांनी सांगितलं, "कळत नाही. कळल्यासारखं दाखवतात." ते उत्तर तिला पटलं नाही. मला वाटतं, ते शोधायलाच ती गोलमध्ये उभी राहिली.

सातवीत शाळेने चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम उतरवली. उतरवली म्हणजे कशी, तेही सांगायला हवं. फुटबॉल खेळणाऱ्या सहा मुली होत्या. तीन खो-खोच्या आणल्या, दोन कबड्डीच्या, आणि एक जण मैत्रीण जाते म्हणून आली. गोलकीपर व्हायला कुणीच तयार नव्हतं. पी.ई.च्या टीचरनी वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी कोण ते बघितलं आणि तिच्या हातात ग्लव्हज दिले. पहिल्या मॅचला आमच्या लेकीने सात गोल खाल्ले. कोल्हापूरहून मामाचा फोन आला, "काय गोली, पोट भरलं का?" ती रडली नाही. तिने मामाला विचारलं, "मामा, कॉर्नरला पुढे यायचं की लाईनीवरच थांबायचं?" मामा अर्धा तास बोलत होता.

मॅचच्या दिवशी

ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे शाळांच्या मॅचेस ऐन पावसात असतात. आधी तालुका, मग पुढची पातळी, मग राज्य. याच दिवसांत सुब्रतो कपच्या निवडीही चालू असतात. १९६० साली सुरू झालेली ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, दिल्लीला भरते, भारतीय हवाई दलाचे प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने. प्रत्येक शाळेच्या पोरांना त्या दिल्लीचं स्वप्न असतं. आमची शाळा अजून तालुक्याच्या बाहेर गेलेली नाही. पण स्वप्नाला तिकीट लागत नाही.

मॅचेस बहुतेक सकाळी. म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांना हाफ डे टाकावा लागतो. मी एका पतसंस्थेत काम करते. सुरुवातीला मी रजेच्या अर्जावर "घरगुती कारण" लिहायची, आता सरळ "मुलीची मॅच" लिहिते. आमचे साहेब सही करताना स्कोर विचारतात.

मैदान लाल मातीचं. दोन दिवस पाऊस लागला की गोलपोस्टासमोर गुडघाभर नाही तरी घोटाभर चिखल असतोच, कारण सगळ्यांत जास्त पाय तिथेच पडतात. गोलकीपरच्या आईला कपडे धुण्यातली काही शास्त्रं आपोआप येतात. लाल चिखल ओला असताना चोळायचा नाही, तो आत जातो. वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, मग गार पाण्यात भिजवायचं. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. ग्लव्हज उन्हात किंवा गॅसजवळ वाळवायचे नाहीत, तळव्याचं रबर तडकतं, सावलीत टांगायचे. आणि खेळण्याआधी ते जरा ओले करायचे, पकड चांगली येते. हे सगळं मला लेकीने शिकवलं.

गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. कागदावर वाचलं तर काही वाटत नाही. पण आपलं चौदा वर्षांचं पोर त्याच्यामध्ये उभं राहिलं की तो एखाद्या मंगल कार्यालयाच्या दरवाजासारखा दिसायला लागतो. बाकीच्या मुली धावत असतात, त्यांच्या चुका गर्दीत मिसळून जातात. फॉरवर्डने पाच संधी घालवल्या आणि सहावीला गोल मारला तर तिला सगळे खांद्यावर घेतात. गोलकीपरचं उलट. पाच बॉल अडवले आणि सहावा सुटला तर सगळ्यांना सहावाच दिसतो.

पहिल्या वर्षी मी गोलच्या मागे जाऊन उभी राहायची. तिने सांगितलं, "तिथे नको ना गं. मागे कुणी श्वास घेतला तरी मला ऐकू येतं." तेव्हापासून मी हाफ लाईनजवळ असते. तिथून गोल लांब दिसतो, पण तिचा चेहरा दिसत नाही, आणि त्यात दोघींचीही सोय आहे.

कडेची मंडळी

मुलांच्या मॅचला पालक बऱ्यापैकी जमतात. मुलींच्या मॅचला मोजून सात-आठ. पण आवाज साताठांचाही पुरतो. "मार गो!" "धांव गो!" "बॉल सोड गो!" या तिन्ही सूचना एकाच मुलीला एकाच वेळी तीन बाजूंनी मिळतात. तिने काय करावं?

एक वडील येतात, त्यांची मुलगी आमच्या टीममध्ये राईट विंगला आहे. गोरापान, शांत माणूस, एरवी सगळ्यांना चहा पाजणारा. मॅच सुरू झाली की त्यांच्या अंगात येतं. मुलगी जिथे जाईल तिथे लाईनीबाहेरून समांतर धावतात. पहिल्या हाफमध्ये ती आमच्या बाजूला असते तेव्हा बिचारीला बॉल जमत नाही. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलून पलीकडे गेली की वाघिणीसारखी खेळते. आम्हा सगळ्यांना हे दिसत होतं, सांगायचं कुणी हा प्रश्न होता. शेवटी टीचरनीच एक युक्ती केली. त्यांनी त्या वडिलांना बदली मुलींची पाण्याची आणि टॉवेलची जबाबदारी दिली. आता ते बाटल्या भरण्यात गुंतलेले असतात आणि मुलगी दोन्ही हाफ सारखीच खेळते. उत्साही माणसाला गप्प बस म्हणण्यापेक्षा काम देणं सोपं, हे मी पतसंस्थेतही वापरून बघितलं आहे.

मॅचनंतर घरी जाताना मुलाशी काय बोलावं हाही एक प्रश्न असतो. आमचा तो स्कूटरने सोडवला. दोन हेल्मेट, वर पाऊस, मागे चिखलाने माखलेली लेक. बोलायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही. फोंडा बाजारात थांबून भाजी-पाव खायचा. पहिला पाव संपेपर्यंत मॅचचा विषय नाही. दुसऱ्या पावाला ती आपणहून सुरू करते. ती ज्या गोष्टीपासून सुरुवात करते ती आपल्याला वाटलेली गोष्ट जवळजवळ कधीच नसते. मी तिसऱ्या गोलाचं मनात धरून बसलेली असते आणि ती सांगत असते की समोरच्या टीमच्या कॅप्टनने बूट मैत्रिणीकडून मागून आणले होते आणि ते तिला मोठे होत होते.

या पावसाळ्यातली ती मॅच

यंदा ती सतरा वर्षांखालच्या टीममध्ये गेली. समोरच्या मुली वयाने, अंगाने मोठ्या. तरीही आमच्या मुली तालुक्याच्या सेमीफायनलला पोचल्या. पहिल्यांदाच.

दुसरा हाफ, स्कोर १-१, आठेक मिनिटं उरलेली. पाऊस रिपरिप. उजवीकडून उंच बॉल आला, लेक पुढे आली, दोन्ही हातांनी बॉल घेतला आणि खाली येताना समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानाच्या वर लागला. मुद्दाम नव्हतं, दोघीही बॉलकडेच बघत होत्या. ती पडली. बॉल तिने सोडला नव्हता.

रेफ्रीने शिट्टी मारली. टीचर धावल्या. "लागलें गो?" लेक उठून बसली, उभी राहिली, म्हणाली, "बरी आहे." टीचरनी तिला विचारलं, स्कोर काय? बरोबर सांगितला. आपला गोल कुणी मारला? तेही बरोबर. मग तिने टीचरना विचारलं, "हाफ टाईम झाला का?" टीचर म्हणाल्या, दुसरा हाफ चाललाय. तिने मान हलवली, ग्लव्हजचे पट्टे आवळले आणि पुन्हा विचारलं, "हाफ टाईम झाला का?"

टीचरनी लाईनीबाहेर माझ्याकडे बघितलं. त्यांची अडचण मला कळत होती. बदली गोलकीपर नव्हती. शाळा पहिल्यांदा इथवर आली होती. मुलगी उभी होती, रक्त नव्हतं, ती स्वतः खेळते म्हणत होती. मी म्हटलं, "टीचर, तिला बाहेर घ्या."

"आई, तू गप!" लेक सगळ्यांदेखत ओरडली.

टीचर पाच सेकंद थांबल्या असतील. मग त्यांनी रेफ्रीला खूण केली. खो-खोतून आलेली आमची एक डिफेंडर होती, तिने लेकीचे ग्लव्हज घातले आणि ती गोलमध्ये गेली. त्या पोरीने उरलेली आठ मिनिटं बॉल आत जाऊ दिला नाही. मग पेनल्टी लागल्या आणि आम्ही ३-१ ने हरलो. लेक माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढ्याशा धक्क्याला काढली. पेनल्टीला तीच हवी होती." खोटं नव्हतं ते. पेनल्टीला तीच हवी होती.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. यात बाहेरून काही दिसत नाही, माणूस बेशुद्ध पडलाच पाहिजे असंही नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगीच चिडचिड, ही त्याची लक्षणं. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागं करायला कठीण जाईल अशी झोप, हातापायात कमजोरी, यातलं काही दिसलं तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल गाठायचं. त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली: शंका आली त्याच क्षणी खेळ थांबवायचा, त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांना बरं व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

सुरुवातीचे दोन दिवस विश्रांती, मोबाईल-टीव्ही अगदी कमी. मग हळूहळू शाळा. मग चालणं, हलकं धावणं, मग बॉल. प्रत्येक पायरीला त्रास झाला नाही तरच पुढची पायरी. आणि सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, अंगाला अंग लागणारा खेळ.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विचारलं तेवढ्याला हं, हूं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत टांगलेले ग्लव्हज बघून तिने विचारलं, "हे एवढे मळले कसे? मी तर पुसून ठेवले होते." मी सांगितलं, पेनल्टीला तुझ्या मैत्रिणीने घातले होते ना. ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठल्या पेनल्टी?"

स्कोर तिला मैत्रिणींच्या मेसेजवरून माहीत होता. पण ती खुर्चीवर बसून पाचही मिनिटं समोर बघत होती, त्यातलं तिला काही आठवत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी ती गोलकीपर झाली, त्या पेनल्टी तिच्या डोळ्यांसमोर झाल्या आणि तिच्याकडे त्यांचा एकही तुकडा नव्हता. त्या रात्री ती माझ्या अंथरुणात येऊन झोपली. सहावीनंतर पहिल्यांदा.

घरातली सभा

मग घरात सभा बसली. सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे." मला राग आला आणि मी विचारलं, "आई, नातू असता तर हेच म्हणाला असता?" त्यांनी तांदूळ निवडता निवडता उत्तर दिलं, "हेच म्हटलं असतं. डोकं ते डोकं. मुलाचं वेगळं आणि मुलीचं वेगळं असतं काय?" यावर बोलायला मला काही सुचलं नाही.

तिच्या बाबांची काळजी दुसरी. पुढच्या वर्षी दहावी. महिना डोकेदुखीत गेला तर काय? कोल्हापूरच्या मामाचा फोन आला. हा तोच मामा, जो एकदा कपाळाला टाके घालून पुन्हा मैदानात उतरला होता आणि आयुष्यभर ते सांगत आला. तो म्हणाला, "ताई, हातपाय मोडला तर बसवता येतो. डोक्याचा नाद करायचा नाही." मग जरा थांबून, "पण खेळ बंद करू नका. पोरगीला बॉल कळतो."

लेकीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी अटी लिहून देते." वहीच्या पानावर लिहिलेल्या त्या अटी आमच्या फ्रिजवर लावलेल्या आहेत. डोक्याला लागलं की बाहेर, टीचर म्हणतील तसं, वाद नाही. प्रॅक्टिसच्या आधी वीस मिनिटांचा वॉर्मअप चुकवायचा नाही. (फिफाने तयार केलेला हा व्यायामप्रकार नेटवर फुकट मिळतो. धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं असं त्यात असतं, आणि तो नेमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून मुलींनी तर तो करावाच.) दहावीत आठवड्याला दोनच दिवस प्रॅक्टिस. तालुक्याची स्पर्धा झाली की ग्लव्हज परीक्षेपर्यंत माळ्यावर.

खाली तिने एक ओळ स्वतःच्या मनाने घातली होती: "आईने गोलच्या मागे उभं राहायचं नाही. पण यायचं." बाबांनी सही केली. सासूबाईंनी सही केली नाही, पण पान फ्रिजवरून काढलंही नाही.

आता अकरावीची चिंता

दहावीची चिंता सगळ्याच घरांत असते. आमच्या टीममध्ये सध्या अकरावीची आहे. अकरावी म्हणजे अकरावी मुलगी. पुढच्या वर्षी आमच्या टीममधल्या चार जणी दहावीत जाणार. त्यांतल्या दोघींच्या घरून आताच नकार आला. अकरा झाल्या नाहीत तर टीम उतरणार नाही, आणि टीम उतरली नाही की खालच्या वर्गांतल्या मुलींनाही पुन्हा खो-खोकडे परतावं लागणार. टीम एकदा मोडली की पुन्हा उभी राहायला किती वर्षं लागतात हे टीचरनी बघितलेलं आहे.

म्हणून दिवाळीनंतर टीचर आणि मी त्या दोन्ही घरी जाऊन आलो. पहिल्या घरी आईचं म्हणणं अभ्यासाचं नव्हतंच. प्रॅक्टिस संपेपर्यंत अंधार होतो, गावाकडची बस निघून गेलेली असते, आणायला घरात कुणी नाही. एवढंच कारण. आम्ही चार पालकांनी वार वाटून घेतले, मंगळवार माझ्याकडे आला. ती मुलगी खेळणार आहे. दुसऱ्या घरी चहा छान मिळाला, नकार मात्र कायम राहिला. त्यांना त्या मॅचची हकिगत कळली होती. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. मुलगी दाराआडून ऐकत होती. त्या घरचा निर्णय त्यांचा. त्यांच्या भीतीला मी चूक म्हणणार नाही, कारण तीच भीती घेऊन मीही हाफ लाईनजवळ उभी असते.

लेकीला डॉक्टरांनी पाच आठवड्यांनी परवानगी दिली. पहिल्या दिवशी ती उंच बॉलला पुढे आली नाही, लाईनीवरच थांबली. दुसऱ्या दिवशीही. टीचर काही बोलल्या नाहीत, फक्त उंच बॉल टाकत राहिल्या. सहाव्या का सातव्या दिवशी ती पुढे आली आणि तिने बॉल घेतला. मी तेव्हा ऑफिसात होते, हे मला तिने दुसऱ्या पावाला सांगितलं.

वाचकांना एकच सांगणं. आपल्या गावात, शहरात शाळांच्या मॅचेस चालू असतील तर मुलींची एखादी मॅच जाऊन बघा, आपलं मूल त्यात नसलं तरी. कडेला सात-आठ माणसांऐवजी वीस दिसली की अकरावी मुलगी मिळणं सोपं जातं, हा आमच्या टीचरचा अनुभव आहे. आणि त्या वीस जणांत दोन-चार जणींच्या आयाही असतात, ज्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. तिकीट नसतं, जागा भरपूर असते. छत्री आणि जुन्या चपला मात्र घरून आणाव्या लागतात.